रायफलचा झटका : मराठवाड्यातल्या परवानाधारकांकडून वारंवार येणारे प्रश्न

पीकसंरक्षणासाठी परवाना घेतलेले शेतकरी, नेमबाजीच्या रेंजवर नव्याने येणारी पोरं, वाड्यातली जुनी बंदूक वारसाने नावावर झालेले लोक, अशा सगळ्यांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्यांसाठी आहेत, डावखुऱ्यांनी बाजू उलटी धरावी. सरावाचं जे काही सांगितलंय ते परवानगी असलेल्या रेंजवरच करायचं, शिवारात नाही.

१. गोळी पुढं जाते, मग बंदूक मागं का येते? हा झटका नेमका कशाचा?

दारू पेटली की वायू गोळीला जेवढा पुढे रेटतो तेवढाच बंदुकीला मागे रेटतो. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत झालेलाच आहे. पण झटका एकट्या गोळीचा नसतो. गोळीमागोमाग जळलेल्या दारूचा वायू नळीच्या तोंडातून गोळीपेक्षाही जास्त वेगाने बाहेर फुटतो आणि तोही बंदुकीला मागे ढकलतो. मोठ्या रायफलमध्ये एकूण झटक्याचा पाव ते एक तृतीयांश भाग या वायूचाच असतो.

तिसरी गोष्ट नळी वर उसळण्याची. नळीची रेषा खांद्यावर टेकलेल्या जागेच्या वर असते, म्हणून मागे येणारी बंदूक खांद्याभोवती फिरते आणि तोंड वर जातं. गालाला फटका बसतो तो यामुळे.

वेळेचा हिशोब मात्र नीट ध्यानात घ्या. चेंबरपासून (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) नळीच्या तोंडापर्यंत यायला गोळीला एक ते दीड मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात रायफल जेमतेम तीन मिलिमीटर मागे सरकलेली असते. माणसाला आवाज ऐकून किंवा धक्का जाणवून हालचाल करायला त्याच्या शंभरपट वेळ लागतो. म्हणजे तुम्हाला झटका जाणवतो तेव्हा गोळी केव्हाच निघून गेलेली असते. नेम बिघडतो तो झटका येणार म्हणून आपण आधीच जे करतो त्यामुळे. पुढचे निम्मे प्रश्न या एकाच गोष्टीचे आहेत.

२. आमच्या .३१५ चा झटका जास्त की बारा बोरचा? ३०-०६ घेतली तर खांदा जाईल का?

नेहमीची वजनं आणि नेहमीची काडतुसं धरून हिशोब केला तर चित्र असं दिसतं. .२२ या बारीक बोराच्या रायफलचा झटका अर्ध्या ज्यूललाही (ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप) पोचत नाही. सुमारे ३.६ किलोच्या .३१५ स्पोर्टिंग रायफलचा वीस-बावीस ज्यूल येतो, म्हणजे एक किलोचं माप दोन मीटरवरून पडल्यासारखा. तेवढ्याच वजनाच्या ३०-०६ या मोठ्या रायफलचा पंचवीस ते अठ्ठावीस. आणि ३२ ग्रॅम छऱ्यांचं काडतूस घातलेल्या सव्वातीन किलोच्या बारा बोरचा तीस ते पस्तीस.

हे ऐकून बरेच जण चाट पडतात. रायफलला घाबरणारा माणूस वर्षानुवर्षं बारा बोर वापरत आलेला असतो आणि त्याला त्याचं काहीच वाटत नसतं. कारण बारा बोर आपण उभ्याने, झटकन उचलून मारतो. रायफल मात्र दम धरून, टेकून, वाट बघत मारतो, आणि त्या वाट बघण्यातच भीती मुरते. तेव्हा ३०-०६ ने खांदा जाणार नाही. दस्ता (बंदुकीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) अंगाला बेतीव नसेल तर .३१५ सुद्धा खांदा काळानिळा करेल (प्रश्न ८).

३. दस्ता टेकवायचा नेमका कुठं? कुणी म्हणतं दंडावर, कुणी म्हणतं छातीवर.

दोन्ही नाही. डाव्या हाताची बोटं उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला ठेवा आणि उजवं कोपर हळूहळू वर उचला. गळ्याच्या आडव्या हाडाच्या खाली, खांद्याच्या गोल हाडाच्या आतल्या बाजूला एक खोलगट मांसल जागा तयार होईल. दस्त्याची जागा ती. कोपर खाली पाडलं की ती खोबण मिटते आणि दस्ता सरकून दंडावर जातो. दुसऱ्या दिवशी दंडावर जांभळा डाग दिसला तर समजा, कोपर पडलं होतं.

दस्त्याचा पूर्ण पृष्ठभाग अंगाला लागला पाहिजे. नुसतं खालचं टोक टेकवून वरचा भाग खांद्याच्या वर राहिला की तोच झटका निम्म्या जागेवर येतो. मान वाकवून डोकं दस्त्याकडे न्यायचं नाही, दस्ता गालाकडे आणायचा. गाल आधी, मग खांदा.

४. घट्ट धरायची का सैल? फौजेतले काका म्हणतात "जकडून धर", यूट्यूबवर सांगतात मोकळं सोडा.

काका बरोबर आहेत, पण अर्धे. दस्ता खांद्याला घट्ट लागलेला हवा. दस्ता आणि अंग यांच्यात बोटभर फट राहिली की बंदूक तेवढ्या अंतरात वेग घेते आणि मग आदळते. ढकलणं आणि ठोसा यांत जो फरक, तो इथे पडतो.

घट्ट म्हणजे अंग ताठ मात्र नव्हे. उजव्या हाताची मागची तीन बोटं दस्त्याला सरळ मागे ओढतात, डावा हात पुढचा भाग हलकेच मागे ठेवतो, आणि खांदा, मान, कंबर मोकळी राहते. हात थरथरायला लागले तर जोर जास्त झाला. उभ्याने मारताना डावा पाय पुढे, गुडघा किंचित सैल, वजन पुढच्या पायावर थोडं जास्त. मागे रेललेला माणूस पहिल्याच बारला एक पाऊल मागे जातो.

अंगठ्याकडेही लक्ष द्या. मोठ्या रायफलवर अंगठा दस्त्याच्या वरून पलीकडे टाकला आणि गाल फार पुढे असला की अंगठ्याचं हाड नाकावर बसतं. असा फटका एकदा खाल्लेला माणूस पुढे महिनाभर नाक वाचवत नेम धरतो.

५. उभं राहून काही वाटत नाही, पण आडवं पडून मारली की खांदा सुजतो. रायफल तीच, काडतूस तेच!

उभ्याने मारताना कमरेपासून वरचं अंग मागे झुलतं आणि धक्का त्या झुलण्यात जिरतो. पालथं पडल्यावर मागे जायला जागाच नसते. धड जमिनीला चिकटलेलं, वजन पाठीशी, त्यामुळे सगळा झटका खांद्याच्या दोन बोटं जागेत उतरतो. टेबलावर वाकून बसलं तरी तेच होतं.

म्हणून भारी रायफलचा नेम जुळवताना खुर्ची टेबलाजवळ घ्या, पाठ ताठ ठेवा, पुढचा आधार उंच करा म्हणजे तुम्हाला वाकावं लागणार नाही. पालथं पडायचंच असेल तर अंग नळीच्या रेषेत सरळ मागे ठेवा. तिरकं पडलं की दस्ता सुटून गळ्याच्या हाडावर येतो. दस्ता आणि खांदा यांच्यामध्ये वाळूची छोटी पिशवी ठेवण्याची युक्तीही आहे. खांद्याला तिने बराच आराम पडतो, पण मागे न सरकणारी बंदूक स्वतःच तो मार खाते. जुन्या, वाळलेल्या लाकडाच्या दस्त्याला मनगटाजवळ तडा जाऊ शकतो.

६. चाप ओढताना डोळे आपोआप मिटतात, गोळी खाली जाते. किती ठरवलं तरी होतंच. काय करावं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि विचारणारे बहुतेक जण आधी सांगतात की "माझ्या रायफलची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) हलली असावी". माशी क्वचितच हललेली असते.

याला आपण दचकणं म्हणू. झटका आणि आवाज येणार हे मेंदूला कळलेलं असतं, म्हणून चाप सुटायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि हात नळी खाली दाबतो. बाराच्या धुमश्चक्रीत हे ना तुम्हाला दिसतं, ना शेजारच्याला. दिसावं यासाठी एक जुनी युक्ती आहे. सोबत्याने तुमच्याकडे पाठ करून मॅगझिन भरायचं, कधी खरं काडतूस, कधी सरावाचं पोकळ, आणि रायफल तुमच्या हाती द्यायची. आत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. नेम धरा, चाप ओढा. पोकळ काडतूस निघालं की नुसतं "टक" वाजतं, आणि त्या शांततेत नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं. धिप्पाड, मिशीवाला, चाळीस वर्षं बंदूक बाळगणारा माणूस त्या "टक" ला स्वतःच हसतो. वाद तिथेच मिटतो.

इलाजही याच सरावात आहे. पोकळ काडतुसं जास्त, खरी कमी, असं चालू ठेवायचं, जोवर "टक" वर नळी जागची हलत नाही. चाप एकदम ओढायचा नाही. बोटाच्या पहिल्या पेराने हळूहळू दाब वाढवत न्यायचा, तो नेमका कधी सुटेल हे आपल्यालाही कळू नये. सुटल्यावर बोट दाबलेलंच ठेवायचं, डोळे उघडे, माशी वर उसळताना दिसली पाहिजे. माशी कुठे होती हे तुम्हाला बार झाल्या झाल्या सांगता आलं तर तुमचे डोळे उघडे होते.

आणि कानांचं बघा (प्रश्न ११). अर्धं दचकणं खांद्यामुळे नसतंच, ते आवाजामुळे असतं.

७. काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात, वर महाग. सराव करायचा कशाने?

रिकाम्या रायफलने. झटका सहन करण्याचा सराव फार लागत नाही, झटक्याकडे दुर्लक्ष करण्याचा लागतो, आणि तो रिकाम्या रायफलवरच चांगला होतो. दुनळी किंवा रायफल, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, दगडी किंवा विटांच्या भिंतीकडे तोंड करा. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवून चाप ओढायचा, नाणं पडता कामा नये. रोज दहा मिनिटं पुरे. फायरिंग पिनला (काडतुसावर आदळणाऱ्या सुईला) जपायचं असेल तर पोकळ सरावाची काडतुसं वापरा, जुन्या दुनळीत तर वापराच.

दुसरा मार्ग .१७७ ची एअर रायफल. वीस ज्यूलच्या आतल्या, .१७७ बोरच्या एअर रायफलला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. चाप, श्वास, नजर यांचा पाया तिच्यावर पक्का होतो. एक खोच आहे, ती प्रश्न १६ मध्ये.

रेंजवर गेल्यावर भारी रायफलचे एका बैठकीत फार बार काढू नका. खांदा दुखायला लागल्यावर काढलेला प्रत्येक बार दचकणं शिकवतो. पाच-सात नीट झाले की पेटी बंद.

८. दस्ता मापाचा आहे का हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

रायफल रिकामी करा. उजवं कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या आतल्या घडीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज आलं तर लांबी जवळपास बरोबर आहे. हे ढोबळ माप आहे. खरी परीक्षा दुसरी : डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. माशी किंवा स्कोप (नेमाची दुर्बीण) समोर दिसला पाहिजे. मान लांबवावी किंवा आखडावी लागली तर माप चुकलं.

कारखान्यातून येणारी लांबी साधारण ३४-३५ सेंटीमीटर असते. आखूड दस्ता अंगठा नाकावर आणि स्कोप भुवईवर आणतो, लांब दस्ता दंडावर सरकतो.

आपल्याकडे यात ऋतूचा घोळ आहे. रब्बी ज्वारी आणि हरभरा राखायचे दिवस डिसेंबर-जानेवारीचे. परभणीकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला असतो आणि अंगात स्वेटर, वर जॅकेट, वर घोंगडी. कपड्यांचीच जाडी बोटभर होते आणि मे महिन्यात बनियनवर बरोबर बसणारा दस्ता अडकायला लागतो. पॅड बसवायचा असेल तर हिवाळ्यातल्या कपड्यांवर माप घ्या. उन्हाळ्यात थोडा आखूड वाटला तर खांद्यावर पातळ गादी घालता येते, पण लांब दस्त्याला रात्रीच्या थंडीत इलाज नाही.

९. रबरी पॅड, वजन, नळीच्या तोंडाचा ब्रेक : यातलं खरंच कामाचं काय?

पॅड. चांगला मऊ पॅड झटक्याची ऊर्जा कमी करत नाही, पण तोच धक्का थोड्या जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवतो, आणि खांद्याला तेवढंच हवं असतं. लोखंडी किंवा प्लॅस्टिकची पाटी असलेल्या दस्त्याला पॅड लावला की बहुतेकांचं समाधान तिथेच होतं. मात्र रबर म्हातारं होतं. नखाने दाबून बघा. खळगा पडत नसेल तर तो पॅड नुसता शोभेचा आहे. दस्त्यावर मोज्यासारखा चढवायचा पॅड स्वस्त पडतो, पण दस्त्याची लांबी दोन-अडीच सेंटीमीटर वाढवतो, म्हणून प्रश्न ८ पुन्हा वाचा.

वजन वाढवलं की झटका नक्की कमी होतो. ३.६ किलोच्या रायफलला अर्धा किलो जोडलं तर सुमारे बारा टक्के. पण ते अर्धा किलो रात्रभर शेताच्या कडेने तुम्हालाच फिरवायचंय.

ब्रेक वायू बाजूला फेकून झटका एक तृतीयांश ते निम्म्याने घटवतो. त्याची किंमत कान मोजतात, तुमचेही आणि शेजाऱ्याचेही. शिवाय परवान्याच्या हत्याराच्या नळीवर आटे पाडणं हे गावातल्या लेथवर करायचं काम नाही. हत्यारात फेरफार परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडूनच, तेही आधी परवाना शाखेत विचारून. नळी कापून आखूड करणं तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ खाली येतं, आणि झटक्यासाठी ते उलटंच पडतं : वजन घटतं, आवाज वाढतो. सायलेन्सरच्या वाटेला खासगी माणसाने जाऊच नये.

१०. स्कोप भुवईवर लागला, तीन टाके पडले. स्कोप खराब आहे का?

स्कोप चांगला असेल, जागा चुकली आहे. रायफलचा स्कोप डोळ्यापासून साडेसात ते दहा सेंटीमीटर लांब राहायला हवा. .२२ किंवा एअर रायफलसाठी बनवलेले बरेच स्कोप त्याहून जवळ डोळा मागतात. ते .३१५ वर चढवले की भुवईवर अर्धचंद्र ठरलेला.

माळ्यावरून खाली मारताना किंवा चढावर वर मारताना डोकं नकळत पुढे सरकतं. पालथं पडल्यावरही. म्हणून स्कोप बसवताना नुसतं उभ्याने बघू नका, ज्या बैठकीत बार काढणार त्या बैठकीत बघा आणि सगळ्यात पुढे सरकलेल्या डोक्याला धरून स्कोप पुढे घ्या.

११. कानात कापसाचे बोळे घालतो. तेवढं पुरतं ना?

नाही. मोठ्या रायफलचा आवाज कानाजवळ १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि १४० च्या वरचा एकच दणका कायमचं नुकसान करू शकतो. कापूस जवळपास काहीच अडवत नाही. फोमचे प्लग आत नीट पिळून घाला, रेंजवर वरून कान झाकणारे मफही लावा. झटका कमी झाल्यासारखा वाटेल. तो कमी झालेला नसतो, भीती कमी झालेली असते.

१२. आजोबांची विलायती दुनळी आहे, निजामाच्या काळातली. नवीन काडतूस घातलं की भयंकर मारते. असं का?

हा प्रश्न वाचून काळजी वाटते. ती बंदूक सध्या वापरू नका.

१९४८ च्या आधी हैदराबाद संस्थानात देशमुख-जहागीरदारांच्या घरी आलेल्या बऱ्याच इंग्लिश दुनळ्यांचं चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजची बारा बोरची काडतुसं बहुतेक ७० मिलिमीटरची. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं, कारण न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते तोंड उलगडतं आणि नळीच्या अरुंद भागात शिरतं. छर्रे त्या आवळलेल्या जागेतून जातात, दाब वाढतो, झटका वाढतो. म्हणजे "भयंकर मारते" हा बंदुकीने दिलेला इशारा आहे.

नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून जोडलेली दमास्कस नळी आहे. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. जाणत्या बंदूक कारागिराकडून चेंबर मोजून, नळीवरच्या चाचणीच्या खुणा वाचून घेतल्याशिवाय तिच्यात आजचं काडतूस घालू नये. भिंतीवर तिचा मान राहू द्या.

१३. दुनळीचे दोन्ही बार एकदम उडाले. माझं बोट चुकलं का बंदूक बिघडली?

दोन्ही शक्य आहे. पहिल्या झटक्याने बंदूक मागे येते, सैल धरलेली असली तर बोट मागच्या चापावर आपटतं आणि दुसरा बार होतो. हे पकडीने सुधारतं (प्रश्न ४). पण घट्ट धरूनही पुन्हा झालं, तर आतले खटके झिजलेले असतात आणि पहिल्याच धक्क्याने दुसरी नळी सुटते. दोन्ही नळ्यांत काडतूस घालणं ताबडतोब थांबवा आणि बंदूक कारागिराकडे न्या.

१४. ठासणीची बंदूक कधी हळू मारते, कधी खांदा उखडते. तिचं काय?

कारण दारू मुठीने मोजली जाते. जास्त दारू, जास्त ठासणी, जास्त झटका. त्याहून वाईट म्हणजे गोळी किंवा छर्रे दारूवर नीट न बसता मध्येच अडकले तर नळी फुगते किंवा फाटते. ठरलेलं माप, आणि गजावर खूण, म्हणजे भरलं किती ते बाहेरून दिसतं. घरच्या घरी दारू बनवणं हा वेगळाच गुन्हा आहे, त्यावर इथे काही सांगणार नाही.

१५. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होती. परत आणल्यावर पहिला बार विचित्र लागला, बोल्टही जड उघडला.

आपल्याकडे झेडपी झाली की ग्रामपंचायत, ग्रामपंचायत झाली की विधानसभा, त्यामुळे हा प्रश्न ऋतूप्रमाणे येतो. जमा करताना लोक नळीत तेल ओततात, ते ठीकच आहे. पण ते तेल पुसल्याशिवाय बार काढू नये. चेंबर तेलकट असलं की काडतुसाचं पितळ भिंतीला धरत नाही आणि सगळा मागचा रेटा बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) येतो. नळीतल्या तेलाने पहिली गोळी भलतीकडेच जाते. कोरडं फडकं गजावर लावून नळी आणि चेंबर साफ पुसा, नळीतून उजेड बघा (कुंभारमाशीचं मातीचं घर निघालेलं पाहिलंय), दस्त्याचे स्क्रू आवळा. ढिला दस्ता जास्त मारतो आणि तडकतोही.

काडतुसांचंही बघा. मे महिन्यात जीपच्या डॅशबोर्डवर तापलेल्या काडतुसांत दाब वाढतो. सावलीत, कोरड्यात ठेवा.

१६. एअर रायफलला तर झटकाच नाही, मग स्कोप का ढिला होतो?

स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये जड पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला आदळला की रायफल पुढे झटकते. दोन दिशांचा हा मार साध्या स्कोपला सोसत नाही. शिवाय छर्रा अजून नळीतच असताना हे सगळं घडतं, म्हणून ही रायफल घट्ट धरू नका, हातावर मोकळी ठेवा. प्रश्न ४ ला हा एकच अपवाद.

१७. मुलीला शिकवायचंय. अंगाने बारीक आहे, झेपेल का?

झेपेल. हलका माणूस धक्क्याबरोबर मागे जातो, जाडजूड माणूस भिंतीसारखा उभा राहून तो पूर्ण अंगावर घेतो, त्यामुळे बारीक अंगाचं फार मनावर घेऊ नका. एनसीसीत मुली .२२ पासून सुरुवात करतात, क्रम तोच ठेवा : आधी एअर रायफल, मग .२२, मग मोठी. वडिलांच्या मापाचा दस्ता तिच्या हातात देऊ नका. आणि पहिल्याच दिवशी मित्रमंडळींसमोर बारा बोर देऊन गंमत बघायचा जो प्रकार चालतो, तो करणाऱ्याच्या हातात पुन्हा कुणाला शिकवायचं काम देऊ नये.

१८. खांद्याचं ऑपरेशन झालंय / पेसमेकर बसवलाय / डोळ्याचा पडदा शिवलाय. चालेल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि विचारताना "बंदूक चालवतो" एवढंच सांगू नका. दस्ता कुठल्या बाजूला टेकतो आणि दर बैठकीत किती बार होतात तेही सांगा. पेसमेकर बहुधा डाव्या बाजूला असतो, म्हणून डावखुऱ्यांना धोका जास्त. दस्त्याच्या माराने त्याची तार निकामी होऊ शकते.

१९. बांधावर नळी टेकवून मारली की गोळी वर जाते. हातावर मारली की बरोबर लागते.

कडक दगडावर किंवा लोखंडी खांबावर टेकवलेली रायफल झटक्याला उसळी मारते, आणि गोळी बाहेर पडायच्या आतच त्या उसळीची सुरुवात झालेली असते. नळी कधीच टेकवू नका. पुढचं लाकूड टेकवा आणि खाली दुमडलेलं पोतं किंवा तुमचा तळहात ठेवा. नेम जुळवताना जो आधार होता, तसाच मऊ आधार शेतात.

२०. वरातीत एका हाताने वर बार काढतात, त्यांना काही होत नाही. मग एवढी तालीम कशाला?

होतं. मनगट मुरगळतं, बंदूक हातातून सुटते, आणि वर गेलेली गोळी कुणाच्या तरी पत्र्यावर येतेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

२१. रानडुकरावर पहिली गोळी हुकली की दुसरी मारेपर्यंत ते उसात शिरतं. झटक्यातून लवकर सावरायचं कसं?

आधी कागद. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकार बंद आहे आणि शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर आणि रोह्याबाबत (नीलगायीबाबत) कलम ११ खाली वन विभाग लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात असेल आणि त्यातल्या अटी पाळत असाल तरच पुढचं वाचा. काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्याने हरभरा खाल्ला तर पंचनामा करून भरपाई मागायची, बंदुकीला हात लावायचा नाही.

आता झटका. सावरण्याचा वेळ बार झाल्यानंतर वाचत नाही, आधीच्या बैठकीत वाचतो. पाय, कंबर आणि नळी एका रेषेत असतील तर रायफल सरळ मागे येऊन सरळ खाली बसते आणि माशी आपोआप मूळ जागी येते. तिरके उभे असाल तर ती दर वेळी एका बाजूला फेकली जाईल. बोल्ट चालवताना रायफल खांद्यावरून काढायची नाही, गाल दस्त्यावरच. हे पोकळ काडतुसांवर रोज पाच मिनिटं केलं तर महिन्याभरात अंगात मुरतं.

तरीही दुसरी गोळी घाईने मारू नका. .३१५ ची गोळी दोन किलोमीटरपलीकडे जाऊ शकते, ३०-०६ ची त्याहून लांब. पहिल्या बाराच्या वेळी जनावरामागे मातीचा बांध होता, ते दहा पावलं पळाल्यावर त्याच्यामागे कुणाचा तरी आखाडा (शेतातली वस्ती) असू शकतो. उसात शिरलेल्या जनावरावर, नुसतं पान हललं म्हणून, रात्री बार काढायचाच नाही.

२२. भाऊ नामिबियात नोकरीला आहे, तिथं परवान्याने शिकार चालते. .३७५ मागवू म्हणतोय. झेपेल का?

चार किलोच्या .३७५ मॅग्नमचा झटका पन्नास ज्यूलच्या पुढे, म्हणजे .३१५ च्या अडीचपट आहे. पण बहुतेक जण त्याला ठोशापेक्षा जोरदार ढकलणं म्हणतात. आफ्रिकेत रानरेडा, हत्ती अशा जनावरांसाठी कित्येक ठिकाणी हाच किमान बोर धरला जातो. साध्या हरणासाठी तो उगाच आहे. भावाला सांगा, आधी एखाद्याची उधार घेऊन रेंजवर उभ्याने पाच बार काढा, कान झाकून. पाचव्या बारालाही डोळे उघडे राहिले तर मागवा. मिटले तर ३०-०६ वर थांबा आणि प्रश्न ६ पाठवा.